दैवशालाच्या गुडघ्याचा एक्स-रे

मित्रांनो, मला नुसतं हातात घेतलंत तर मी तुम्हाला काळ्या, चकचकीत कागदासारखा वाटेन. जरा उजेडाकडे धरा. पांढरट दिसतंय ते हाड आहे, आणि त्या हाडात बाहेरच्या बाजूने आत गेलेली काळी रेघ म्हणजे मोड. मी दैवशाला नावाच्या एका बाईच्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे आहे.

माझा जन्म ९ जानेवारी २०२३ रोजी, सोमवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झाला. तारीख आणि वेळ माझ्या वरच्या कडेला छापलेली आहे. अपघात त्याआधी दीड तास झाला होता. तो मी पाहिलेला नाही, म्हणून लोकांच्या तोंडून जेवढं ऐकलं तेवढंच सांगतो.

दैवशालाची वस्ती ईट गावाच्या बाहेर, सडकेला लागून. शेत नवऱ्याचं, म्हणजे गोरोबाचं, आणि साठ मेंढरं तिची. त्या सकाळी ती मेंढरं सडकेपलीकडे नेत होती. राघवेंद्र सर त्याच गावातल्या शाळेवर शिक्षक. रविवार घरी तुळजापुरात काढून ते आपल्या गाडीने शाळेकडे परतत होते. पुढे उसाची ट्रॉली होती. ट्रॉलीला मागे टाकून ते पुढे आले आणि समोर एकदम कळप. त्यांनी ब्रेक दाबला. मेंढरं वाचली. गाडीचा पुढचा भाग दैवशालाच्या गुडघ्यावर बाजूने आदळला.

सर पळून गेले नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्यांनीच तिला मागच्या सीटवर आडवं केलं, गोरोबाला शेतातून बोलावून पुढे बसवलं आणि दवाखाना गाठला. वाटेत गोरोबाच्या डोक्यात एकच विचार होता. या माणसाने आपल्या लेकीला, शिवांजलीला, चौथीत शिष्यवृत्तीला बसवलं, दोन महिने संध्याकाळी फुकट शिकवलं. आता गाडीची धडक म्हणून सांगितलं तर दवाखाना पोलिसांना कळवणार, आणि सर कोर्टकचेरीत अडकणार. केसपेपर काढायच्या रांगेत त्याच्या पुढचा माणूस सांगत होता, भाऊ माळ्यावरून पडला. गोरोबाचा नंबर आला. कशाने लागलं, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तोही म्हणाला, "माळ्यावरून पडली."

सर शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. दैवशाला स्ट्रेचरवर होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी सांगितलं तसं लिहून घेतलं. मग तिला माझ्या खोलीत आणलं आणि माझा जन्म झाला. तो केसपेपर आणि मी एकाच पाकिटात पडलो. त्याच्यावर माळा होता, माझ्यावर नव्हता.

डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करा. त्याला खर्च लागणार होता. सरांनी तेव्हा जमेल तेवढा दिला, गोरोबाने आणखी मागितलं नाही. प्लास्टरवर भागवायचं ठरलं. सर दर शनिवारी यायचे, फळं आणायचे, मेंढरांची चौकशी करायचे आणि गुडघ्याकडे न बघता परत जायचे.

प्लास्टर निघालं तेव्हा माझं काम संपलं होतं. नवा एक्स-रे निघाला होता, मी जुना झालो. फेब्रुवारीत कोकरं झाली आणि त्यांच्या खोपटाच्या खिडकीतून गार वारं येऊ लागलं. गोरोबाने मला पाकिटातून काढलं, चार कोपऱ्यांना चार चुका ठोकल्या आणि खिडकीवर बसवलं. त्याला वाटलं, बरा टिकाऊ कागद आहे. मी तिथे चार महिने होतो. ऊन लागून माझी एक कड पिवळट पडली. कोकरं माझ्याखाली झोपायची. ते दिवस मला वाईट गेले असं म्हणणार नाही, पण मी त्यासाठी जन्मलो नव्हतो.

खिडकीतून मला दैवशाला दिसायची. तिचा गुडघा बाहेरच्या बाजूला झुकला होता. काठी घेऊन ती वाड्याच्या तोंडापर्यंत यायची आणि मेंढरं मोजून परत फिरायची. कळप आता तिचा दीर बालाजी चारायला नेत होता. तो माणूस वाईट नव्हता, पण जिभेचा तिखट. एकदा म्हणाला, "वहिनी, तुमच्या मेंढ्यांना तुमची लई सवय. माझ्याकडं पाव्हणा आल्यावानी बघत्यात." ती हसली. तो गेल्यावर तिथेच दगडावर बसून राहिली. बसताना पाय लांब सोडावा लागायचा, कारण गुडघा वाकत नव्हता.

जून उजाडला. शिवांजली धाराशिवला कॉलेजात शिकत होती. तिच्या मैत्रिणीची मावशी भैरवी वकील होती, मोटार अपघाताचे दावे चालवणारी. शिवांजलीने तिला सगळं सांगितलं आणि पुढच्याच रविवारी भैरवी वस्तीवर आली. खाटेवर बसून तिने केसपेपर वाचला, चष्मा काढला आणि गोरोबाला समजावून सांगितलं. गाडीचा विमा असतो तो याचसाठी. भरपाई सरांच्या खिशातून जात नाही, विमा कंपनी देते. अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, आणि पाच महिने संपत आलेत.

गोरोबाने तो केसपेपर तिच्याकडून परत घेतला. मग म्हणाला, "म्हंजी सरांना पैशाचा तोटा नव्हताच?"

"नव्हता. पोलीस केस झाली असती, ती होईलच. पण ऑपरेशन तेव्हाच झालं असतं." भैरवीने पाकीट उलटं करून झटकलं. "अपघाताच्या दिवशीचा एक्स-रे कुठाय?"

गोरोबाने खोपटाच्या खिडकीकडे पाहिलं. शिवांजली उठली, खोपटाकडे गेली आणि तिने मला चुका उचकटून आणलं. भैरवीने माझ्याकडे पाहिलं, मग कोकरांकडे पाहिलं. "आबा, आता याला कुठं ठोकू नका," एवढंच ती म्हणाली.

पुढचं काम दैवशालाने स्वतःकडे घेतलं. सरांकडे गोरोबाने जायचं ठरत होतं, पण ती म्हणाली, मी जाते. शिवांजलीच्या स्कूटीवर मागे पाय लांब करून ती गावात गेली. सर व्हरांड्यात वह्या तपासत होते. तिने पाकिटातून मला काढून त्यांच्या हातात दिलं.

सरांनी मला उजेडाकडे धरलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे इतकं होतं?" ते म्हणाले.

"तुमी बघितलंच न्हाय, सर."

त्यांनी मला वह्यांवर ठेवलं. तिने सांगितलं, तुम्हाला त्रास द्यायला आले नाही, पण जे झालं ते पोलिसांत सांगा.

"माझ्यावर केस होईल, दैवशाला."

"व्हय, व्हईल. मला ठावं हाय." ती खांबाला धरून उभीच होती. "पर मला मेंढरामागं जायचंय, सर. दुसरं काय मागत न्हाय."

सर दोन दिवसांनी पोलीस ठाण्यात गेले आणि जबाब दिला. केस झाली. पुढे त्यांना दंड झाला, त्यांनी तो भरला. दावा मुदतीत दाखल झाला. आता सगळं सरळ होईल, असं वस्तीवर सगळ्यांना वाटलं.

तसं झालं नाही. विमा कंपनीने लिहून दिलं की दावा बनावट आहे. दवाखान्याच्या कागदावर माळ्यावरून पडल्याची नोंद आहे. पाच महिन्यांनंतर गाडी पुढे आली आहे. गाडीमालक हे अर्जदाराच्या मुलीचे शिक्षक आहेत आणि दोन्ही पक्षांनी मिळून हे रचलेलं आहे. मित्रांनो, कंपनीवर मला राग नाही. कागद वाचणाऱ्याला तसंच वाटणार. गोरोबाने सरांना वाचवायला एक वाक्य सांगितलं होतं. त्या वाक्यामुळे आता सरांचं खरं बोलणंही खोटं ठरत होतं.

धाराशिवच्या न्यायाधिकरणात तारखा पडत गेल्या. मी दर तारखेला पाकिटात बसून जायचो. बहुतेक वेळा कुणी मला बाहेरही काढायचं नाही.

माझी पाळी आली ती हाडांचे डॉक्टर शंतनू यांच्या साक्षीच्या दिवशी. त्यांनी मला ट्यूबलाइटकडे धरलं आणि बोट फिरवून दाखवलं. जोर बाहेरच्या बाजूने, गुडघ्याच्या उंचीवर आलेला आहे. उभ्या माणसाला गाडीचा पुढचा भाग लागला की असा मोड येतो. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, पडल्यावर असा मोड येऊच शकत नाही, असं तुम्ही शपथेवर सांगाल का? डॉक्टर म्हणाले, नाही, तसं सांगणार नाही. सहसा येत नाही, एवढंच सांगेन. ते खरं बोलले, पण दैवशालाचा चेहरा उतरला.

मग वकिलांचं लक्ष माझ्या कोपऱ्यांकडे गेलं. ही भोकं कसली? गोरोबाला उठवलं. त्याने हात जोडून सांगितलं, कोकरांना वारं लागत होतं, खिडकीला लावला होता. न्यायाधीशबाईंनी मान खाली घातली. मागच्या बाकांवर लोक हसले. "आणि माळ्याचं कोण बोललं?" वकिलांनी विचारलं.

"म्याच बोललो, साहेब. खोटं बोललो. सरांना धक्का लागू नये म्हणून."

"मग आज खरं बोलताय हे कशावरून?"

गोरोबाने जोडलेले हात सोडले. तो खाली बसला.

त्या प्रश्नाचं उत्तर निघालं ते दुसरीकडूनच. कंपनीने अनिरुद्ध नावाच्या तपासनीसाला मागे वस्तीवर पाठवलं होतं. नीटस काम करणारा माणूस. बाई किती उंचीवरून पडली हे मोजायला तो टेप घेऊन आला होता. त्याने शेजाऱ्यांचे जबाबही घेतले होते, त्यासाठी कंपनीनेच त्याची साक्ष ठेवली. भैरवीने उलटतपासात त्याला फार काही विचारलं नाही.

"तुम्ही घराची मोजमापं घेतली?"

"घेतली."

"माळा किती फुटांवर होता?"

अनिरुद्धने आपल्या टिपणाचं पान उलटलं. मग सरळ म्हणाला, "माळा नव्हता, मॅडम. पत्र्याच्या दोन खोल्या आहेत आणि मेंढरांचं खोपट. चढून जावं असं तिथं काहीच नाही."

"हे अहवालात लिहिलंय?"

"लिहिलंय. शेवटच्या पानावर."

ते शेवटचं पान तोपर्यंत कंपनीत कुणी नीट वाचलेलं नव्हतं. वस्तीवरच्यांच्याही हे कधी डोक्यात आलं नव्हतं. रांगेतल्या माणसाचा माळा गोरोबाने उसना घेतला होता, आणि आपल्या घराला तो नाही, हे तो पार विसरून गेला होता. बालाजी मागच्या बाकावर होता. तो शिवांजलीच्या कानात म्हणाला, "तुझ्या बापाला खोटं बोलायचंबी शिकवावं लागंल."

ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल लागला. न्यायाधीशबाईंनी लिहिलं की दवाखान्यातलं पहिलं वाक्य खोटं होतं आणि अर्जदाराच्या बाजूने ते सांगायला नको होतं. पण नसलेल्या माळ्यावरून कुणी पडत नाही, आणि गुडघ्यातला मोड वाहनाच्या धडकेशी जुळतो. दावा मंजूर झाला. उपचाराचा खर्च आणि अधू पायाची भरपाई कंपनीने द्यायची होती.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. डॉक्टर शंतनूंनी आधी मला दिव्याच्या पेटीवर लावलं आणि शेजारी नवीन एक्स-रे लावला. दैवशालाला त्यांनी खरं ते सांगितलं. पहिल्या पंधरा दिवसांत आली असतीस तर प्लेट आणि स्क्रूवर हे हाड जागेवर बसलं असतं, तुझा सांधा तुझाच राहिला असता. आता कृत्रिम सांधा बसवावा लागेल. चालता येईल. माळरानावर, दगडगोट्यांत, चढउतारात नको. उकिडवं बसणं नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. गोरोबा दाराशी उभा होता, त्याला वर बघवत नव्हतं. ती त्याला म्हणाली, "असं काय उभे? मी माळावर जाणार न्हाय, तर मेंढरं सपाटीला आणा."

आता मी पत्र्याच्या पेटीत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, सपाट ठेवलेला आहे. मित्रांनो, मला तुमच्याकडे दोन गोष्टी मागायच्या आहेत. आमच्यासारख्यांना दुमडू नका, उन्हात टाकू नका, खिडकीला लावू नका; जुने झालो तरी पहिल्या दिवशीचं आम्हालाच माहीत असतं. आणि कुणाला लागलं, कुणाचं हाड मोडलं, तर दवाखान्यात जे झालं तेच सांगा. समोरचा माणूस भला असेल, ओळखीचा असेल, त्याने आपल्यावर उपकार केले असतील, तरीही. गोरोबाने सरांचं भलं बघितलं. त्यात सर केसमधून वाचले नाहीत, आणि दैवशालाचा स्वतःचा गुडघा गेला. तो आता कुठल्याही निकालाने परत येणार नाही.