पिक अपचे अकरा अर्थ

एका शब्दाला अकरा अर्थ ठेवणाऱ्या भाषेशी माझं पटणं कठीणच होतं. उचलणं म्हणजे पिक अप, इथवर ठीक. पण फोन घेणं पिक अप, कुणाला स्टेशनवरून आणणं पिक अप, ऐकून ऐकून भाषा शिकणं पिक अप, सर्दी होणं पिक अप आणि आजारी माणूस सुधारू लागला तर तोही पिक अप!

"आजार लागला तरी तेच आणि उतरला तरी तेच?" मी वन्संना विचारलं. "डॉक्टरांना कळतं तरी कसं?"

"फाटे फोडू नका, वहिनी. वाक्य म्हणा."

वन्सं म्हणजे माझी नणंद. इंग्रजीच्या शिकवण्या घेतात. वीस वर्षांत आमचं एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही. आणि आता रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी त्यांच्यापुढे वही उघडून बसत होते.

गरज माझीच होती. एकोणीस वर्षं मी स्वेटरच्या कारखान्यात दुरुस्तीच्या टेबलावर आहे. विणताना बिघडलेला प्रत्येक नग माझ्याकडे येतो. विभागप्रमुखाची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा मीच शिकवलेल्या मुली माझ्या डोक्यावर येऊन बसल्या, कारण परदेशी खरेदीदारांशी फोनवर बोलायला इंग्रजी लागतं. मला ते फार लागलं होतं. आता तिसऱ्यांदा जागा निघाली. "या वेळी नाही जमलं तर बाहेरचं माणूस घेऊ," मॅनेजरबाईंनी सांगितलं. "मग मात्र आशा सोडा."

मुलाखतीत पाच मिनिटं आपल्या कामाबद्दल बोलायचं होतं. मी सगळं घोकलं. पण मध्येच एखादा शब्द निसटला की माझी त्रेधा उडायची आणि मी थेट "गुड मॉर्निंग"पासून सुरू करायचे. एका संध्याकाळी सातव्यांदा गुड मॉर्निंग ऐकल्यावर वन्संनी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः विणायला घेतलेला स्वेटर माझ्यापुढे टाकला. तीस ओळी खाली एक टाका सुटला होता आणि तिथून वरपर्यंत शिडीसारखी फट पडली होती.

"सगळा उसवते आता," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"हात लावू नका त्याला!" मी ओरडलेच. क्रोशाची सुई घेतली, सुटलेला टाका खाली जाऊन गाठला आणि एकेक धागा त्यातून ओढत वरपर्यंत आणला. पाच मिनिटांत फट गायब. याला इंग्रजीत काय म्हणतात, मी विचारलं. वन्संनी पुस्तकात बघितलं. नववा अर्थ. पिक अप!

त्या स्वेटर उलटसुलट करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "विणताना कधी उसवत नाही, मग बोलतानाच का हो उसवता, वहिनी?"

मी क्रोशाची सुई खिशात टाकली आणि वही पुढे ओढली.

मुलाखतीला समोर मॅनेजरबाई आणि पडद्यावर परदेशातली एक खरेदीदार बाई. चौथ्या वाक्यातच शब्द निसटला. तोही कुठला, तर लोकरीच्या धाग्याचा, जो दिवसभर माझ्या बोटांत असतो! गुड मॉर्निंग अगदी जिभेवर आलं. तेवढ्यात खिशातली क्रोशाची सुई हाताला लागली.

"वन मिनिट," मी म्हणाले. चौथंच वाक्य पुन्हा हळूहळू म्हटलं आणि शब्दाच्या जागी हवेत बोटांनी धागा ओढून दाखवला.

"यार्न?" पडद्यावरची बाई म्हणाली.

"येस, यार्न!" आणि तिथूनच मी पुढे निघाले. व्याकरणाचे तीनतेरा वाजले असतील, पण शेवटपर्यंत पोचले.

चार दिवस कुणी चकार शब्द काढला नाही. घरी वन्संही गप्प, मीही गप्प. निदान त्याबाबतीत तरी एकमत झालं. पाचव्या दिवशी सकाळी मॅनेजरबाई आल्या, विभागप्रमुखाच्या टेबलावरचा फोन उचलून माझ्या टेबलावर ठेवला, तार जोडली आणि हसून निघून गेल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला धड हसताही येईना, डोळेच भरून आले.

अर्ध्या तासात फोन वाजला. सगळ्यांचे हात थांबले. मी रिसीव्हर उचलला.

"गुड मॉर्निंग," म्हणाले. एकदाच.