उजव्या चाकाची वायर

कपाशीची पऱ्हाटी कापली हाये, खुंट उभे हायेत, मोटर वावरात आणू नोको, असं मथुराबाईनं बजावलं होतं. गझालानं ते कानाआड केलं. मागच्या सीटवर दहा महिन्यांच्या फैजचा नुकता कुठे डोळा लागला होता, आणि सावली तेवढी मथुराबाईच्या घरालगतच्या वावरातल्या कडुनिंबाखाली होती. तिनं गाडी सरळ आत घातली.

मथुराबाई म्हणजे फैजची मालिश करणारी. बोंडअळीच्या त्या वर्षी फवारताना औषध डोळ्यांत गेलं, तेव्हापासून तिला धूसर दिसे. दर गुरुवारी तिला नेरहून यवतमाळला डोळे दाखवायला न्यायचं काम गझालानं आपणहून अंगावर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत एबीएसचा पिवळा दिवा लागला. गाडी थांबता थांबता ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरू लागलं. गझालानं ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवलं, फैजच्या शिंका लिहायच्या वहीतच. नवरा तारिक म्हणाला, आता गाडीलाही डोस देऊन टाक. तिनं उलट त्यालाच विचारलं, की गाडी कोणाला दिली होती.

गॅरेजवाल्या गुलाम नबी चाचांनी गाडीला तपासणीचं मशीन जोडलं. पुढच्या उजव्या चाकाचा सेन्सर, असं मशीन म्हणालं. तारिक लगेच नवा मागवायला निघाला, तर चाचांनी त्याला बसवलं. मशीन फक्त गल्ली सांगते, म्हणाले, घर आपण शोधायचं.

त्यांनी चाक जॅकवर उचललं, सेन्सरच्या वायरीला मीटर लावला आणि हातानं चाक फिरवलं. आकडा आला. म्हणजे सेन्सर जिवंत होता. मग चाक फिरतं ठेवून त्यांनी वायर जराशी हलवली, तसा आकडा शून्यावर. चाचांनी चाकामागे हात घातला आणि वायरीला खेटून अडकलेला, बोटभर लांबीचा पऱ्हाटीचा खुंट बाहेर काढला. त्याला कापसाची पुंजकी चिकटलेली होती.

"तारिक तर वावरात चप्पलबी खराब करत नाही," चाचा खुंटाकडे बघत म्हणाले. "मंग हे कोनाचं काम, बेटी?"

गझाला फैजचं टोपडं नीट करू लागली. टोपडं नीटच होतं.

"वहीत लिहिलं नाही वाटते," तारिक म्हणाला.

तिनं विचारलं, उद्या गुरुवार आहे, तात्पुरता जोड देता येईल का. चाचांचं हसू मावळलं.

"माझ्या गाडीले मी दिला असता. लेकराच्या गाडीले नाही. वायर आतून तुटून राह्यली, जोडाचा काय भरवसा?"

नवा सेन्सर वायरीसकट नागपुराहून यायचा, म्हणजे सोमवार. तारिक पहाटेच मालासाठी अमरावतीला जाणार. आणि एसटी स्टँड सोडत नाही तोच फैज उलट्या काढतो. तिनं मथुराबाईला फोन लावला. ती म्हणाली, "मले दिसते सारं. मी जातो एसटीनं, तू पोराले पाह्य." हीच बाई आठवड्यापूर्वी दुधाच्या टँकरला हात दाखवून उभी राहिली होती, आणि तो थांबला नाही म्हणून कंडक्टरला शिव्या घालत होती.

तेव्हा या गुरुवारी सकाळी तुम्ही नेरहून यवतमाळला निघाला असाल, तर कडुनिंबाच्या वावराजवळ जरा थांबा. मथुराबाई तिथंच घरापुढे एसटीची वाट बघत बसली असेल. दिसते म्हणेल, पण तिच्या म्हणण्यावर जाऊ नका. हात धरून बसमध्ये बसवा, आणि बसली की गझालाला एक फोन करा.