वरच्या थरातली बारूद

ऑरिन हॅल्व्हर्सनच्या तळघरात एक कायदा होता: टेबलावर एका वेळी बारुदीचा एकच डबा. दुसरा हवा असेल तर पहिला झाकण घट्ट लावून कपाटात जाणार, मगच दुसरा बाहेर येणार. काम संपलं की काडतुसात बारूद मोजून सोडणाऱ्या मापयंत्रात उरलेली बारूद ज्या डब्यातली त्याच डब्यात परत, तीही उठायच्या आत. आणि कधी राहिलीच, नि ती कुठल्या डब्यातली हे शपथेवर सांगता येत नसेल, तर सरळ अंगणातल्या गवतावर फेकून मोकळं व्हायचं. केटल खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना घरी काडतुसं भरायला त्यानंच शिकवलं होतं. शिकवताना तो इतका खडूस व्हायचा की दोघंतिघं मधूनच उठून गेले होते. बोटं उडण्यापेक्षा माणसं रुसलेली बरी, असं तो वर म्हणायचा.

एल्कच्या, म्हणजे डोंगरातल्या थोराड हरणांच्या, शिकारीचा हंगाम उघडला त्या सकाळी तो कॉफीचा मग घेऊन तळघरात उतरला. त्याची बायको डॅग्नी उजाडायच्या आधीच डोंगरावर गेली होती. घरातली शिकारी तीच. ऑरिनचा गुडघा कामातून गेल्यापासून तो खाली बसून तिची काडतुसं भरायचा, ती वर जाऊन एल्क पाडायची, आणि शिंगं पिकअपमध्ये घालून गावभर मिरवायचा मात्र तो. गोळी माझी होती, हे सांगितल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. परवा भरलेली काडतुसांची नवी डबी त्यानं स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली होती. सकाळी ती तिथं नव्हती, म्हणजे डॅग्नी घेऊन गेली होती.

दिवस मोकळा होता, म्हणून पिस्तुलाची काडतुसं भरावीत असा त्याचा विचार होता. त्यानं कपाटातून पिस्तुलाच्या बारुदीचा डबा उचलला आणि तो तसाच हातात धरून थबकला. डबा हलका लागत होता.

हलका का? आठवड्याच्या सुरुवातीला याच डब्यातून त्यानं थोडी काडतुसं भरली होती, पण थोडीच. मधेच बोइसीहून लेकीचा फोन आला, तो वर गेला, लेक नवऱ्याच्या नोकरीचं रडगाणं सांगत बसली आणि ऑरिन त्या दिवशी पुन्हा खाली उतरलाच नाही. मापयंत्र भरलेलंच राहिलं. दुसऱ्या दिवशी डॅग्नीसाठी रायफलीची काडतुसं भरायची होती. त्यानं रायफलीचा डबा काढून समोर ठेवला, मापयंत्रात बारूद दिसली, ‘कालची राहिली वाटतं’ असं स्वतःशीच म्हणाला, आणि समोरच्या डब्यात ओतून टाकली.

समोरच्या डब्यात.

ऑरिननं हातातला डबा खाली ठेवला. मग त्यानं काय केलं होतं, तेही त्याला आता नको इतकं स्वच्छ आठवलं. त्याच डब्यातून, वरच्या थरातूनच, त्यानं मापयंत्र पुन्हा भरलं होतं आणि डॅग्नीची सगळी काडतुसं त्यातून भरली होती. दोन्ही बारुदी दिसायला राखाडी, बारीक, खसखशीसारख्या. तराजूवर प्रत्येक माप अगदी बरोबर आलं होतं. तराजूला वजन कळतं, जात कळत नाही.

तरी मन मानायला तयार नव्हतं. त्यांतल्या एका काडतुसाची गोळी तिरकी बसली होती म्हणून त्यानं ते बाजूला काढून ठेवलं होतं. ते त्यानं गोळी काढायच्या हातोडीत अडकवून लाकडावर आपटलं. दोनदा नेम चुकला. आतली बारूद त्यानं पांढऱ्या कागदावर ओतली आणि भिंग धरलं. रायफलीचा दाणा गोल असतो. कागदावरचे दाणे जवळजवळ सगळे चपटे होते, मधे कुठंतरी एखादा गोल.

पिस्तुलाची बारूद चटकन भडकते. ती रायफलीच्या काडतुसात भरली तर गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत दम धरत नाही, रायफलच फोडते. आणि फुटते ती नेम धरणाऱ्याच्या गालाशी. डॅग्नीचा गाल त्याच्या डोळ्यांसमोर आला, हसताना डाव्या बाजूला खळी पडणारा, आणि तो कपाट, दिवा, कॉफी सगळं तसंच टाकून जिन्याकडे धावला. त्या जिन्यावर तो बऱ्याच वर्षांत धावला नव्हता.

खोऱ्यात फोन लागत नाही. सूर्य वर आला की कुरणात चरणारे एल्क खिंडीतून पलीकडच्या रानात उतरतात, आणि त्या खिंडीच्या तोंडाशी डॅग्नी बसलेली असणार. ती कधी फुकट गोळी झाडत नाही, पण एक तरी झाडल्याशिवाय घरी येत नाही. ती एक झाडायच्या आत पोचायचं होतं.

डोंगराच्या वाटेवरच्या फाटकाशी खोऱ्यातलाच क्लीट रोस्की आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसून सँडविच खात होता. फाटकाच्या पुढं पहिल्या सकाळी इंजिनाचा आवाज करायचा नाही, ही खोऱ्यातली रीत. मोडली तर वर्षभर कुणी नीट बोलत नाही. ऑरिन पिकअप घेऊन थेट फाटकावर आला तसा क्लीट आडवा आला. शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण आत ऑरिन बसलेला पाहून त्याची चेष्टाच सुचली.

“काय रे, तपकिरी कोट घालून डोंगरावर? आज तुला सोलून फ्रीझरमध्ये टाकतील ना कुणीतरी.”

इतर शिकाऱ्यांना माणूस म्हणून ओळखू यावं यासाठी घालायचं नारिंगी जाकीट घरीच राहिलं होतं. नारिंगीशिवाय हंगामाच्या पहिल्या दिवशी झाडीत शिरणं म्हणजे एल्क होऊन फिरणं. ऑरिनला उत्तर द्यायलाही सवड नव्हती. तो एवढंच म्हणाला, की डॅग्नीच्या काडतुसांत घोळ झालाय, माझ्या हातून. क्लीटचा घास तोंडातच राहिला. त्यानं अंगातलं नारिंगी जाकीट काढून खिडकीतून आत फेकलं आणि फाटक उघडलं.

“हॉर्न मार,” तो म्हणाला. “मारत राहा. ती ऐकेल.”

ऑरिनचा तळवा हॉर्नवर गेलाही होता. तेवढ्यात त्याला कुरण दिसलं. कळप अजून खालीच होता, माना खाली घालून निवांत चरत होता. हॉर्न वाजला असता तर सगळा कळप उधळून वर खिंडीकडेच गेला असता, कारण दुसरी वाट त्यांना नव्हती. ज्या आवाजानं तिला थांबवायचं, त्याच आवाजानं शिकार नेऊन तिच्या पुढ्यात उभी राहिली असती. त्यानं चटका बसावा तसा हात काढून घेतला. आता जायचं होतं ते चोरासारखं, आणि तेही पांगळ्या गुडघ्यानं.

गाडी अगदी हळू, इंजिन गुरगुरू न देता नेऊन, रस्ता संपला तिथं सोडून तो चढाला लागला. बर्फावर रात्रीतून कडक पापुद्रा धरला होता, प्रत्येक पावलाला तो करकर मोडायचा आणि प्रत्येक पावलाला त्याचं काळीज लकलकायचं. देवाला बोलवायची त्याला सवय नव्हती. लूथरन चर्चमध्ये तो नाताळापुरता जायचा, तोही केकसाठी. आता तो वाटभर पुटपुटत होता, की तिला आज काही दिसू नको देऊ. तिला डुलकी लागू दे. तिची रायफल अडकू दे. काहीही कर.

अर्ध्या चढावर त्यानं वळून पाहिलं. कुरण रिकामं होतं. कळप आपणहून निघाला होता, एकामागे एक, झाडीच्या कडेनं, त्याच्याच बरोबरीनं वर. मधल्या घळीपलीकडं माद्यांचे फिकट पार्श्वभाग हलताना दिसत होते आणि सगळ्यांच्या मागं, शिंगांचं झाड डोक्यावर घेतलेला एक थोराड नर. वाघ पाठीस लागला तर माणूस धावेल, पण इथं धावायचीही चोरी होती. तो वाकून, दगडांना धरून, जमेल तिथं चक्क रांगत निघाला. गुडघ्यात कुणी सुरी फिरवावी तशी कळ येत होती आणि त्याला ती बरी वाटत होती, कारण निदान ती त्यालाच होत होती.

खिंड दिसली. डॅग्नीही दिसली, जुनिपरच्या झुडपामागं एक नारिंगी ठिपका. तिची पाठ त्याच्याकडं होती. माद्या तिच्यासमोरून गेल्या. तिनं त्या जाऊ दिल्या. मग तिची मान तिरकी झाली, गाल लाकडाला टेकला. मैदानावर, कुरणात, जत्रेतल्या नेमबाजीत ऑरिननं ती मान हजारदा तिरकी होताना पाहिली होती. तो तिच्यापासून अजून खूप लांब होता.

“डॅग्नी! नको! गोळी नको झाडू!”

घळीत आवाज फुटला आणि भलतीकडंच गेला. तो तिच्यापर्यंत पोचला की नाही कुणास ठाऊक, पण नरापर्यंत पोचला. नर दचकून जागच्या जागी थांबला, मान वर करून, बरगडी तिच्याकडं करून, स्वस्थ उभा. शिकाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं? आपल्याच ओरडण्यानं आपण तिला नेम दिला हे ऑरिनला कळलं आणि त्याच क्षणी बार झाला.

तो बर्फावर बसला. डोळे मिटून घेतले. तो पाहणार नव्हता. आपण इथंच गोठून जावं, कुणी आपल्याला खाली नेऊ नये, असं त्याला मनापासून वाटलं.

“कोण ओरडतंय रे तिकडं? म्हाताऱ्या, तू?”

डॅग्नी उभी होती. दोन्ही गाल, दोन्ही हात, टोपी, सगळं जागच्या जागी. पलीकडं नर आडवा पडला होता. ती रायफल मोकळी करून ऑरिनकडं येत होती. म्हाताऱ्याला काही झालं असलं तर कसं, अशा घाईनं.

“दुसरी झाडू नको,” तो म्हणाला. “पहिली नशिबानं चांगली निघाली. बाकीच्या... मी बारूद मिसळली, डॅग्नी. पिस्तुलाची. सगळ्या डबीत. मी तुला...”

तो रडायला लागला. डॅग्नीनं त्याच्याजवळ बसकण मारली. मग तिनं खिशातून पुठ्ठ्याचा एक खोका काढून त्याच्या मांडीवर ठेवला. गावातल्या दुकानात मिळतो तसला, वर किमतीची चिकटपट्टीही तशीच.

ऑरिननं खोका उघडला. आत दुकानातली काडतुसं होती, त्यातलं एक कमी.

“माझी डबी कुठाय?”

“गाडीत, सीटखाली. गावातल्या बंदुकवाल्याकडं नेऊन देते मी. तो सगळी काडतुसं उघडून सुटी करतो.”

“नेऊन देते म्हणजे? कधीपासून?”

“गेल्याच्या गेल्या हंगामापासून. सराव करताना एक काडतूस नुसतं पुटकन वाजलं. आत बारूदच नव्हती. गोळी नळीत अडकून बसली. मी त्याच्याकडून काढून घेतली आणि तुला बोलले नाही.” तिनं हातमोजा काढून नाक पुसलं. “गेल्या वर्षीच्या डबीतही दोन तशीच निघाली.”

गेल्या वर्षीची शिंगं गॅरेजच्या दारावर लावली होती. खाली पाटी ऑरिननं स्वतःच्या हातानं कोरली होती, काडतुसाच्या मापासकट. त्यानं विचारलंच नाही, पण डॅग्नीनं मान हलवली. तीही दुकानातल्या काडतुसाचीच.

त्याला राग आला. एवढा जीव तोंडाशी आणून तो इथवर आला होता, ती धडधाकट समोर बसली होती, आणि तरी त्याला राग आला, याची त्याला लाजही वाटली. मला का नाही सांगितलंस, तो म्हणाला. ती म्हणाली की तिनं चारदा तोंड उघडलं होतं. पण तो तळघरातून शीळ घालत वर यायचा, आणि दिवसभरात त्याची शीळ तेवढीच ऐकू यायची.

“दोन वर्षं मी खाली बसून तुला मारायची तयारी करत होतो,” तो म्हणाला.

“आणि दोन वर्षं मी मरायला तयार नव्हते. एवढंच झालं.”

तो हसला नाही. तिलाही हसवायचं नव्हतं. खालून क्लीट हाका मारत चढत येत होता, जाकिटाशिवाय, कुडकुडत, आणि त्याला आता काहीतरी सांगावं लागणार होतं.

“खरं तेच सांग,” ऑरिन म्हणाला. “नाहीतर तो माझ्याकडं काडतुसं मागायला येईल.”

डॅग्नीनं त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. एल्क थंड व्हायच्या आत त्याचं पोट साफ करायला हवं होतं, आणि ते एकट्याचं काम नव्हतं.