दोन-चार वर्षं वाढव

रविवारी सकाळी दिग्दर्शक पेन्सिली तासत बसले की त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घरात अलिखित कायदा होता. जुनं वर्तमानपत्र पसरायचं, ब्लेडने डझनभर पेन्सिली तासायच्या, एकेक टोक खिडकीच्या उजेडात धरून बघायचं, हा त्यांचा पंचेचाळीस वर्षांचा नेम. हाताने रेखाटायच्या चलचित्रांच्या धंद्यात नाना यंत्रं आली, हाताखालची पोरं काचेवर काडी फिरवून चित्रं पळवायला लागली, पण यांच्या पेन्सिली काही सुटल्या नाहीत. कायदा मोडायची हिंमत घरात एकट्या नातीची. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण साखरेचा डबा कुठेही दडवा, ही बरोबर तिथे पोचायची.

"आजोबा, एवढी टोकं काढता आणि शेवटी काढता काय? तीच ती मुलगी!"

"कुठली गं?"

"तुमच्या सगळ्या सिनेमांत असते ती. पळत येते. फ्रॉक तेवढा वेगळा. मोठी कशी होत नाही हो ती? दर वर्षी नापास होते की काय?"

स्वतःच्या विनोदावर मुंगी खळखळून हसली. दिग्दर्शकांच्या बोटांतलं टोक मोडलं.

त्या मुलीवर जाणकारांनी लेख लिहिले होते. न कोमेजणारं बालपण, असं काहीबाही म्हटलं होतं. समारंभांत दिग्दर्शक ते ऐकून मान डोलवत. लोक ज्याला शैली म्हणतात ते एखाद्याचं जुनं दुखणं असू शकतं, हे त्या विद्वानांच्या गावीही नव्हतं. दिग्दर्शकांना ती मुलगी मोठी करता येत नसे. कागदावर तिची हनुवटी लांबवायला गेलं की हात थांबे. एक शेवटचा चित्रपट त्यांच्या मनात होता. त्यात ती लहानाची मोठी होणार होती, आई होणार होती, केस पिकून खुर्चीत बसणार होती. पण जुनी कार्यशाळा पाडली गेली होती, आणि दहा-बारा माणसं बसवायला जागा नव्हती.

तेवढ्यात मुलगा आत आला. वडिलांच्या कामाचा सगळा व्यवहार तोच बघायचा. त्याने मुंगीला "जा, आईला कामात हात लाव जरा," म्हणून पिटाळलं आणि दार लोटून घेतलं.

"बाबा, गोदामवाल्यांचा फोन होता. पुढच्या रविवारी नवराबायको दोघं येतायत. त्यांच्या बायकोने एक खूळ काढलंय. म्हणते, हल्लीच्या फोटोवर कोण विश्वास ठेवतो? आजोबा एवढे नामांकित, त्यांच्या हातचं मुलीचं चित्र दाखवा."

"मग काढतो की."

"नुसतं काढून नाही चालायचं." मुलगा घुटमळला. "आपण अठरा सांगितलंय ना. चित्रात तसं दिसायला हवं. तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ. दोन-चार वर्षं वाढवा."

दिग्दर्शकांनी हातातलं ब्लेड खाली ठेवलं. हेच शब्द त्यांनी पूर्वी ऐकले होते. मुलाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मुंगीला मार्चमध्ये चौदा पूर्ण झाली होती. नववीत होती. गोदामवाल्यांचा मुलगा सव्वीसचा, परदेशी कामाला निघालेला, आणि जाण्याआधी त्याला लग्न करून धाडायचं असं त्याच्या घरच्यांनी मनावर घेतलं होतं. मुंगीच्या जन्माचा दाखला कुणी ओळखीचा नवा करून देणार होता. "स्थळ चालून आलंय, पुन्हा येईल का?" असं महिन्यापूर्वी मुलगा म्हणाला, तेव्हा दिग्दर्शक मूग गिळून बसले होते. का बसले, हेही सांगून टाकायला हवं. गोदामवाल्यांचं एक गोदाम रिकामं होतं, उंच छताचं, उत्तरेच्या खिडक्यांचं. सोयरीक झाली की ते शेवटच्या चित्रपटाला मिळणार होतं. कागदावरची मुलगी मोठी करण्यासाठी घरातली मुलगी द्यायची, असा हा सौदा होता. दिग्दर्शकांना तो कळत नव्हता असं नाही. कळत होता म्हणूनच ते त्याच्याबद्दल विचार करत नव्हते.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी ते एकवीस वर्षांचे होते आणि चलचित्रांच्या कार्यशाळेत नुकते लागले होते. घरी धाकटी बहीण होती, तेरा वर्षांची. पाय जमिनीवर ठरत नसे म्हणून तिला भिंगरी म्हणत. पहिल्या चित्रपटात धावणारी मुलगी काढायची होती, तेव्हा त्यांनी भिंगरीला घरासमोरच्या लांब पडवीत वीस वेळा पळवलं. प्रत्येक फेरीला एक बिस्कीट, असा करार. ती पळे, ते घड्याळ लावून पायांची टिपणं काढत. बारा चित्रांत तिचं एक धावणं बसलं. कागदांची चळत अंगठ्याखालून सोडली की भिंगरी धावायला लागे, आणि ते बघून स्वतः भिंगरीच टाळ्या पिटायची.

त्याच महिन्यात तिला लांबच्या गावचं स्थळ आलं. त्यांना सोळा-सतराची मुलगी हवी होती. घरात भिंगरीचा धड फोटो नव्हता. वडील म्हणाले, "तुझा हात चांगला आहे. तूच काढ. आणि हे बघ, दोन-चार वर्षं वाढव." 

एकवीस वर्षांच्या त्या मुलाला खरं तर राग यायला हवा होता. त्याला आला हुरूप. डोक्याच्या उंचीने सगळं अंग मोजायची रीत तो नुकतीच शिकला होता. लहान मुलाचं अंग किती डोकी, मोठ्या बाईचं किती, डोळे कपाळापासून किती खाली, सगळं तोंडपाठ होतं. त्याने मान लांबवली, खांदे भरले, जबडा खाली ओढला, डोळे जरा लहान केले. कामाच्या नादात त्याला जेवणाचीही आठवण राहिली नाही. चित्र पुरं झाल्यावर भिंगरी खांद्यावरून डोकावली.

"दादा, ही कोण रे? छान आहे."

तिने स्वतःला ओळखलं नाही, आणि तिच्या दादाला ती शाबासकी वाटली. स्थळाकडून उलटटपाली होकार आला. लग्नाच्या मांडवात सासू एवढंच पुटपुटली, "चित्रात थोराड दिसत होती." दीड वर्षाने कार्यशाळेच्या पत्त्यावर पत्र आलं. बाळंतपणात गेली. मूलही गेलं. चित्रपट लागला तो त्यानंतर तीन महिन्यांनी. पडद्यावर भिंगरी धावत आली आणि सगळं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं. दिग्दर्शकांचं नाव झालं ते त्या टाळ्यांनी. तेव्हापासून आजवर त्या प्रसंगाला ते थिएटरात थांबले नाहीत. पण बाहेर पडून उपयोग नव्हता. टाळ्या बाहेरही ऐकू येत.

त्यांनी आपल्या अपराधाला एक जागा नेमून दिली होती: ते चित्र. मी खरं काढलं असतं तर ते लोक नको म्हणाले असते, भिंगरी वाचली असती. पंचेचाळीस वर्षं त्यांनी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यात त्यांना एक प्रकारचा आधारही सापडला होता.

बुधवारी त्यांनी मुंगीला खिडकीशी बसवलं. मुंगी काय, दोन मिनिटं सरळ बसेल तर शपथ. नाक खाजवायची, मांजराला हाक मारायची.

"आजोबा, त्या काकू खरंच मला बघायला येणारेत?"

"तुला काय सांगितलंय बाबांनी?"

"म्हणाले, फक्त नक्की करून ठेवायचंय. आई रडते आणि विचारलं की कांदा म्हणते. घरात कांदे नाहीत दोन दिवस." मग जरा वेळाने, "माझी सोमवारी इतिहासाची परीक्षा आहे. बाबांना आठवतच नाही."

दिग्दर्शक पेन्सिल चालवत होते. आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं की हात त्यांना न विचारता मान लांबवतोय. खांदा भरतोय. कागदावरून एक अनोळखी तरुण बाई त्यांच्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे भिंगरीचे होते. त्यांनी कागद टरकन फाडला. मुंगी दचकली.

"वाईट आलं?"

"नाही गं. फार चांगलं आलं होतं."

दुसऱ्या कागदावर त्यांनी जसं दिसलं तसं काढलं. गोबरा गाल, कपाळाखाली मोठे डोळे, कॉलरीच्या मानाने बारीक मान, अंगठ्यावरचा शाईचा डाग. खाली ठळक अक्षरांत लिहिलं: वय वर्षं चौदा. आणि सही केली. त्यांना फार हलकं वाटलं. रविवारी हे चित्र पुढे ठेवायचं. पाहुणे उठून जातील, आपल्याला एक शब्दही बोलावा लागणार नाही.

रविवारी पाहुणे आले. गोदामवाले गृहस्थ धिप्पाड, हसरे, कुणालाही आवडावेत असे. त्यांनी आल्या आल्या दिग्दर्शकांचा हात हातात घेतला. "लहानपणी तुमची ती पळणारी पोर बघितली होती हो! अजून डोळ्यांसमोर आहे." त्यांची बायको कोचाच्या कडेला बसली. सूनबाईने चहा-बिस्किटं आणली. मुंगी आतल्या खोलीत इतिहासाचं पुस्तक घेऊन बसली होती आणि अर्थातच कान दाराला होते.

दिग्दर्शकांनी चित्र पुढे केलं. मुलाने खालची अक्षरं वाचली आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबांची गंमत असते," तो घाईघाईने म्हणाला.

"गंमत नाही," दिग्दर्शक म्हणाले. "मार्चमध्ये चौदा पूर्ण झाली. तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

गोदामवाल्यांनी चित्र लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं, आणि मोठ्याने हसले.

"अहो, मग त्यात लाजायचं काय? चौदा तर चौदा. आमच्यात चालतं. ही आली तेव्हा पंधराचीही नव्हती. काय गं?"

त्यांच्या बायकोने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. तिने चित्र आपल्याकडे ओढून घेतलं आणि ती त्या शाईच्या डागाकडे बघत बसली.

"उलट बरं," गोदामवाले पुढे म्हणाले. "लहान असली की घराला लवकर सरावते. दाखला काय, होऊन जाईल. आणि तुमचं गोदाम झाडून ठेवलंय हं मी. कधी येताय?"

मुलाच्या जिवात जीव आला. दिग्दर्शकांनी मात्र पुन्हा चित्राकडे बघितलं. पंचेचाळीस वर्षं ज्या एका गोष्टीला धरून ते रडत आले होते ती गोष्टच निघून गेली. खरं चित्र समोर होतं, खरं वय लिहिलेलं होतं, आणि काही म्हणजे काही थांबलं नव्हतं. त्या वेळीही थांबलं नसतं कदाचित. भिंगरीच्या सासूने मांडवात बघितलं होतंच की डोळ्यांनी! चित्र खरं की खोटं, हा प्रश्नच नव्हता. घरातल्या एका कर्त्या माणसाने नाही म्हणायला हवं होतं, आणि एकवीस वर्षांचा, कमावता, तिचा लाडका दादा घरातच होता. तो पेन्सिलीला टोक काढत होता.

"लग्न होणार नाही," दिग्दर्शक म्हणाले. त्यांना ते दोनदा म्हणावं लागलं.

"बाबा!" मुलगा उठला. "मुलगी माझी आहे. ठरवणारे तुम्ही कोण?"

"मी तुझ्या आत्याला मारलेला माणूस आहे." हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. "तुला एक आत्या होती. तेराव्या वर्षी तिचं लग्न लावलं, पंधरावं सरता सरता ती बाळंतपणात गेली. तिचं वय वाढवून चित्र मी काढलं होतं. तू ते ज्या शब्दांत मागितलंस ना, त्याच शब्दांत तुझ्या आजोबांनी मागितलं होतं. दाखल्याला हात लावलास तर मी स्वतः पोलिसांत जाईन. तक्रारीत पहिलं नाव माझं लिहीन, दुसरं तुझं."

"आणि गोदाम?" गोदामवाल्यांनी विचारलं. ते आता हसत नव्हते. "तुमचा तो सिनेमा?"

"राहिला."

सूनबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली आणि पाहुण्यांच्या हातातला अर्धा भरलेला कप तिने काढून घेतला. "निघा आता तुम्ही," ती म्हणाली. "तिचा अभ्यास व्हायचाय."

गोदामवाले तणतणत जिना उतरले. त्यांची बायको दारात क्षणभर रेंगाळली. "माझी पहिली दोन राहिली नाहीत," ती दिग्दर्शकांना हलक्या आवाजात म्हणाली, आणि खालून हाक आली तशी निघून गेली. मुलगा खोलीत जाऊन धाडकन दार लावून बसला. पुढे चार महिने तो वडिलांशी बोलला नाही, आणि गोदामात प्लास्टिकच्या खुर्च्या रचल्या गेल्या.

दिग्दर्शक कोचावर बसून राहिले. आपण आज एक पोर वाचवली, असं मनाशी म्हणून बघावं असं त्यांना वाटत होतं. एवढ्यात मुंगी आतून आली आणि समोर उभी राहिली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा, वर्गात शंका विचारताना असतो तसा.

"आजोबा, एक विचारू? माझं चित्र बघून ते लोक नको म्हणाले असते, तर तुम्ही गप्प बसला असतात ना? सगळं उघडं न करता?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं. वयाचा मान राखून तिने ते मानलंही असतं.

"हो," ते म्हणाले. "गप्प बसलो असतो."

मुंगीने विचार केला.

"मग बरं झालं, त्यांना चालत होतं ते," ती म्हणाली, आणि इतिहासाचं पुस्तक घेऊन त्यांच्या शेजारी बसली.