लिनोलियमखालच्या फळ्या

पहाट अजून नीट फुटली नव्हती, तरी हुहाना मावशीच्या अंगणात तीसेक माणसं जमली होती. समोर नवं घर. बंदरातून आणलेले दोन कंटेनर शेजारी शेजारी ठेवून, खिडक्या कापून, होहेपाने उभं केलेलं. महापुरात मावशीचं जुनं घर गेलं, तेव्हापासून आठ महिने ती तंबूत राहत होती. आज घराची प्रार्थना होती आणि ज्याने घर बांधलं तो भाचा गर्दीच्या मागे, पाण्याच्या टाकीआड उभा होता. तोंड लपवायला तेवढीच जागा सापडली होती त्याला.

कारण होतं घराच्या पायाखालच्या जमिनीत. कंटेनरच्या मूळ फळ्यांना कीड लागू नये म्हणून विषारी औषध पाजलेलं असतं. दारावरच्या पाटीवर तसं लिहिलेलंही असतं. त्या काढून नवी जमीन घाला, असं गावच्या कौन्सिलने बांधकामाच्या मंजुरीतच बजावलं होतं. पंचवीस वर्षं वेल्डिंग केलेल्या होहेपाला हे काय कुणी शिकवायला हवं? पण फळ्या उखडायच्या म्हणजे आणखी तीन आठवडे, आणि मावशी तंबूत खोकत होती. असं तो स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे त्याला कंटाळा आला होता. त्याने पाटी उपटली, फळ्यांवर लिनोलियमचं गुळगुळीत आवरण अंथरलं आणि कौन्सिलला फोटो पाठवले ते गेल्या वर्षी एका डॉक्टरला बांधून दिलेल्या कंटेनर-घराचे. तिथली जमीन कोरी करकरीत होती.

प्रार्थना म्हणणाऱ्या रेवी आजोबांचे शब्द संपले. आता उंबरा आधी मावशीने ओलांडायचा. वडीलधारी बाई आत गेली की घर सगळ्यांना मोकळं. तिने बूट काढले.

"गाद्या आणल्यात ना गं?" तिने नातीला विचारलं. "आज सगळ्यांनी इथेच खाली झोपायचं. बाळाला माझ्या कुशीत द्या. आणि आमचा मिस्त्री कुठे दडलाय? ये की पुढे, लाजतोस काय नवऱ्या मुलासारखा!"

सगळे खो खो हसले. होहेपा टाकीआडून पुढे आला.

"मावशी, थांब. आत जाऊ नकोस."

तिने उचललेला पाय मागे घेतला. त्याने सांगितलं. सगळं, तीस माणसांसमोर, फोटोंसकट. बोलताना त्याची नजर तिच्या अनवाणी पावलांवरून वर गेली नाही.  

मावशी पायरीवर बसली आणि पुन्हा बूट घालू लागली.

"फोटोतली जमीन त्या डॉक्टरची?"

"हो."

"तिथे फळ्या बदलल्यास?"

"बदलल्या."

"बरं झालं," नाडी बांधत ती म्हणाली. "परक्याचं तरी नीट केलंस."

ती उठली आणि गाद्या तंबूकडे परत न्यायला लागली. होहेपाने धावत जाऊन एक गादी उचलली. मावशीने ती त्याच्या हातून काढून घेतली.