बनाबाईच्या डबीतले चौदा कण

बारामतीच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात सकाळी सातच्या भोंग्याआधी एक काम ठरलेलं असे. पहिल्या पाळीचे सुपरवायझर रामहरी गावडे फाटकाजवळच्या काळ्या फळ्यापाशी उभे राहत, ओल्या फडक्यानं कालचा आकडा पुसत आणि खडूनं नवा लिहीत. फळ्यावर ‘अपघाताविना दिवस’ अशी अक्षरं पांढऱ्या रंगात कायमची रंगवलेली होती. आकडा लिहून झाला की रामहरी दोन पावलं मागं सरकून त्याच्याकडं कौतुकानं बघत. स्वतःच्या पोराकडंसुद्धा त्यांनी इतक्या कौतुकानं कधी बघितलं नसेल!

१९९६ सालचा मार्च महिना होता आणि आकडा तीनशे छप्पन्नवर आला होता. तीनशे पासष्ट झाले की मुंबईच्या मुख्य कचेरीतून मोठे साहेब येणार होते. प्रत्येक कामगाराला नाव घातलेला स्टीलचा हंडा मिळणार होता आणि रामहरींना सेफ्टी ऑफिसरची जागा. हंड्यांवर घालायच्या नावांची यादीसुद्धा भांडेवाल्याकडे पोचली होती.

या कारखान्यात पाण्याच्या पंपांचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग तयार होत. ओतून आलेल्या भागाच्या कडा ग्राइंडरवर घासाव्या लागत आणि घासताना ठिणग्यांबरोबर लोखंडाचे बारीक कण उडत. डोळ्यांना लावायला गॉगल होते, पण वापरून वापरून त्यांच्या काचा इतक्या खरवडल्या होत्या की त्यातून समोरचा माणूस की खांब हे कळत नसे. मग कामगार ते गळ्यात अडकवून काम करत. रामहरींनी नव्या गॉगलसाठी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा मुख्य कचेरीचं एकच उत्तर आलं, ‘आपल्याकडे इतक्या महिन्यांत एकही अपघात झालेला नाही. तेव्हा नव्या खरेदीची निकड दिसत नाही.’

मग त्या कारखान्यात कुणाला काही होतच नव्हतं का? होत होतं की! पण ते कारखान्यात राहत नव्हतं. ते सणसरला जात होतं.

बारामतीजवळच्या सणसर गावच्या बनाबाई उसाच्या शेतात राबलेल्या, सत्तरीला टेकलेल्या. मळणीच्या दिवसांत कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं की लोक त्यांच्या दारात यायचे. बनाबाई मिठाच्या पाण्यानं चूळ भरायच्या, माणसाला उजेडाकडं तोंड करून बसवायच्या, पापणी उलटायच्या आणि जिभेच्या शेंड्यानं कुसळ अलगद टिपून घ्यायच्या. त्याचं कधी काही घेतलं नाही. चहा मात्र पाजून पाठवायच्या.

दिवाळीपासून त्यांच्या दारात वेगळीच माणसं येऊ लागली होती. अंगात कंपनीचा निळा शर्ट आणि डोळ्यात लोखंडाचा कण! कंपनीच्या डॉक्टरकडं गेलं की रजिस्टरात नोंद होणार, नोंद झाली की फळा शून्यावर येणार आणि सगळ्यांचे हंडे जाणार. त्यापेक्षा आजीची जीभ बरी, असा सगळ्यांचा मतलबी हिशेब होता. रामहरींना हे ठाऊक होतं. ठाऊक कसलं, तेच तर सांगायचे, “जाता जाता बनाबाईकडं डोकावून जा रे.”

त्या मंगळवारी म्हस्कूच्या डाव्या डोळ्यात कण गेला. म्हस्कू सव्वीस वर्षांचा. त्याच्या आज्यानं हयात मेंढरांमागं घातली, बापानं थोडी शेती केली आणि म्हस्कू घरातला पहिला कंपनीत लागलेला माणूस. डोळा चोळत तो रामहरींच्या टेबलापाशी आला.

“सायेब, टोचतंय लई.”

“कुसळासारखंच असतं रे ते. बनाबाई काढतील,” रामहरी म्हणाले. “रजिस्टर उघडायला लावू नकोस. नऊच दिवस राहिलेत.”

शेजारच्या ग्राइंडरवरचा आबाजी, त्या खात्यातला सगळ्यांत जुना कामगार, लगेच म्हणाला, “म्हस्कू, कळ काढ बाबा. माझ्या पोरीचं लगीन हाय वैशाखात. हंडा तिला द्यायचाय.”

म्हस्कू मान हलवून गेला. सणसरला बनाबाईंनी त्याची पापणी उलटली, जवळून बघितलं, पुन्हा बघितलं आणि जीभ लावलीच नाही.

“हे वर न्हाय बसलेलं. बुबुळात रुतलंय. हे माझ्या जिभेचं काम न्हाय, लेकरा. उद्याच्या उद्या बारामतीत डोळ्याच्या डाक्टरकडं जा.”

“व्हय आजी,” म्हस्कू म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी उठून कामावर गेला.

गुरुवारी संध्याकाळी म्हस्कूची बायको, नकोशी तिचं नाव, बनाबाईंच्या ओट्यावर येऊन बसली. तोंडातून शब्द फुटायच्या आधी तिला रडू फुटलं.

“आजी, ह्यास्नी उजेड सोसंना झालाय. डोळा लाल झालाय, घाण येतीया. डाक्टरकडं चला म्हणलं तर म्हणत्यात, माझ्यापायी साऱ्यांचा हंडा घालवू व्हय? आमची पोर छकुली डाव्या बाजूनं आली तर त्यास्नी दिसत बी न्हाय.”

बनाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि शुक्रवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं त्या बारामतीला आल्या. फाटकावरच्या वॉचमननं अडवलं. “कुणाला भेटायचंय, आजी?” “आकडा लिवणाऱ्या सायबाला,” बनाबाईंनी ठणकावून सांगितलं.

रामहरींनी त्यांना ओळखलं. उठून खुर्ची दिली, चहा सांगितला. बनाबाईंनी कमरेच्या पिशवीतून मशेरीची जुनी डबी काढली आणि टेबलावरच्या कागदावर उपडी केली. काळे बारीक कण कागदावर पसरले.

“दिवाळीपासनंचं हाय. अंगणात टाकलं तर कोंबड्या टिपत्यात, पोरांच्या पायात जातं, म्हणून डबीत ठिवत गेले. मोज.”

रामहरींनी मोजले. चौदा.

“पंधरावा म्हस्कूच्या डोळ्यात हाय अजून. मंगळवारी म्या त्याला डाक्टरकडं जा म्हणलं. तो हितं आला.”

रामहरी ओशाळले, तरी म्हणाले, “आजी, आज बघा तीनशे एकोणसाठ झाले. सहा दिवस राहिलेत. गुरुवारी आकडा पुरा झाला की मी स्वतः त्याला नेतो. इतक्या माणसांची वर्षभराची मेहनत आहे हो.”

“मेहनत कशाची? काम करायची का दुखणं झाकायची?”

 कुणावर तरी ढकलावं म्हणून रामहरी म्हणाले, “मी काय हात बांधून बसलोय का, आजी? दोनदा गॉगल मागितले. अपघातच होत नाहीत, तर गॉगल कशाला, म्हणतात वरचे.”

बनाबाईंनी फाटकाच्या दिशेनं हात केला.

“आरं, मग देतील कशे? काय झालं न्हाय, असं तूच तर रोज फळ्यावर लिवतोस!”

रामहरींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

“ऐक बाबा,” बनाबाई आता शांतपणे बोलू लागल्या. “उसाला हुमणी लागली की पहिल्यांदा वरनं काय दिसत न्हाय. शेंडा हिरवागार. शेतकरी बांधावरनं बघतो आन खूस व्हतो. खाली किडा मूळ खात आसतो. उपटून बघितल्याबिगर कळत न्हाय. तुला उपटायचं भ्या वाटतंय. आन मी बी चुकले. मला वाटायचं, म्या लोकांवर उपकार करतीया. पर म्या चौदा कण गुपचूप काढले म्हणून तर पंधराव्याला गॉगल मिळाला न्हाय. माझ्या जिभेनं तुजं खोटं झाकलं. आता म्या झाकणार न्हाय.”

रामहरी उठले आणि तडक ग्राइंडरच्या खात्यात गेले. म्हस्कू मान उजवीकडे वळवून, एकाच डोळ्यानं बघत बिडाची कड घासत होता. डाव्या डोळ्यातून पाणी गालावर वाहत होतं आणि ते पुसायलाही त्याचा हात मोकळा नव्हता. फिरतं चाक त्याच्या बोटांपासून वीतभरही लांब नव्हतं. अरे देवा! डोळा तर जाणारच होता, आता हातही जायचा! आणि हे सगळं कशासाठी? खडूच्या एका आकड्यासाठी!

रामहरींनी स्वतः बटण दाबून चाक थांबवलं.

“चल, म्हस्कू.”

“सायेब, सहाच दिवस...”

“एकही नाही. चल म्हणतो ना!”

कंपनीच्या जीपमधून त्यांनी त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. बनाबाई मागच्या बाकावर म्हस्कूचा हात धरून बसल्या होत्या. डॉक्टरांनी कण काढला, त्याच्याभोवती धरलेला गंज खरवडला, औषध घालून पट्टी बांधली. मग रामहरींना बाजूला घेऊन विचारलं, “कण कधी गेला होता?”

“मंगळवारी,” रामहरी म्हणाले. आणि पुढचं कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, “मीच त्याला येऊ दिलं नाही.”

डॉक्टर म्हणाले, “जखम चिघळलीय. पण डोळा वाचेल. बारीक डाग राहील, कामापुरतं नीट दिसेल. अजून चार दिवस काढले असते, तर मी काही करू शकलो नसतो.”

रामहरींनी डॉक्टरांना हात जोडले, मग बनाबाईंना. 

परत आल्यावर त्यांनी रजिस्टर उघडलं. आधी म्हस्कूचं नाव लिहिलं. मग कामगारांना एकेक करून बोलावलं आणि बनाबाईंच्या डबीतले चौदा कण नावानिशी, जमतील तशा तारखांनिशी लिहून काढले. शेवटी खाली लिहिलं, ‘या नोंदी वेळेवर न करण्याची जबाबदारी माझी. रामहरी गावडे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याआधी त्यांनी फळा पुसला आणि शून्य काढलं.

कारखान्यात एकच गलका झाला. आबाजी तर तोंडावर म्हणाला, “सायेब, एका डोळ्यापायी दीडशे घरांचा हंडा घालवलात! पाच दिवस दम निघाला न्हाय तुमाला?” रामहरींनी ऐकून घेतलं. मुंबईहून फोन आला, त्यावरही खूप ऐकून घेतलं. सेफ्टी ऑफिसरची जागा लांबणीवर पडली. पण रजिस्टराची नक्कल मुंबईला पोचली आणि पंधरा नोंदी एकाखाली एक वाचल्यावर तिथल्या साहेबांनाही गप्प बसवेना. ते स्वतः आले, ग्राइंडरपाशी उभे राहिले, जुना गॉगल डोळ्यांना लावून बघितला आणि लगेच काढला. तीन आठवड्यांत नवे गॉगल आले. चाकांना पुढून काचेची झडप बसली. आणि नवा नियम झाला की इजा सांगणाऱ्याला कुणी बोल लावायचा नाही. उलट सांगेल त्याचे आभार मानायचे.

म्हस्कू महिन्याभरानं कामावर आला. आल्या आल्या रामहरींच्या पाया पडायला वाकला. रामहरींनी त्याचे खांदे धरले.

“माझ्या नको रे पडू. तुझा डोळा मीच घालवत होतो.”

“आसंल सायेब. पर शेवटच्या घडीला चाक तुमीच थांबवलं. आमच्या घरी रोज तुमचं नाव निघतं.”

पुढच्या रविवारी रामहरी एक नऊवारी लुगडं घेऊन सणसरला गेले. “नको म्हणायची न्हाय मी, रंग चांगला हाय,” बनाबाई हसत म्हणाल्या. मग लुगड्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “आता निळ्या शर्टाचं कुणी येत न्हाय माझ्या दारात. देवाची किरपा. कुसळंवाले येत्यात, त्यास्नी बी म्या आता सांगती, आधी सोच्छ पाण्यानं डोळा धुवा, न्हाय निघालं तर डाक्टरकडं जावा.”

वैशाखात आबाजीच्या मुलीचं लग्न झालं. लग्नाची रजा संपवून तो कामावर आला, त्याच्या चौथ्या दिवशी भर दुपारी ग्राइंडर थांबवून तो टेबलापाशी आला.  त्यानं डोळ्यांवरचा नवा गॉगल काढून रामहरींच्या पुढं ठेवला. उजव्या काचेत, अगदी मधोमध, लोखंडाचा कण रुतून बसला होता. भोवती काचेला बारीक तडे गेले होते.

“झडप वर करून घासत हुतो, सायेब. माझी चूक. मला काय झालं न्हाय. पर हे लिवून घ्या.”

रामहरींनी लिहून घेतलं. आबाजी तिथून हलला तो थेट म्हस्कूच्या ग्राइंडरपाशी गेला. वयानं वडील असलेला तो माणूस सगळ्यांदेखत वाकला आणि त्यानं म्हस्कूच्या पायांना हात लावला.

“आबा, हे काय करताय!” म्हस्कू दचकून मागं सरला.

“पडू दे मला,” आबाजी म्हणाला. “तुज्या डोळ्याचं रजिस्टरात लिवलं म्हणून माझा डोळा ऱ्हायला. आन मी त्या दिशी तुला कळ काढ म्हणलं हुतं.”

वाचकहो, आपण सगळेच थोडेफार रामहरी असतो. कारखान्यात, शाळेत, घरातसुद्धा ‘आमच्याकडं सगळं ठीक आहे’ हे सांगायला आपल्याला फार आवडतं आणि त्या ठीक दिसण्यासाठी कुणीतरी गुपचूप कळ काढत असतं. झालेली इजा सांगण्यात कमीपणा नाही. ती झाकली तर उद्या दुसऱ्यालाही होते, पण वेळेवर सांगितली तर पुढच्या कितीतरी जणांना होण्याआधीच टळते. म्हणून ‘मला लागलंय’ असं जो धीर करून सांगतो, त्याच्यावर रागावू नका. त्याचे आभार माना.