धांदऱ्याचं लाकडी अंडं

सासूबाई अंडं रंगवायला बसल्या की घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही, असा नियम होता. नियम केला सासूबाईंनी, आणि मोडायच्याही त्याच.

"अगं, यंदा रंगवायला काही उरलेलंच नाही," खिडकीच्या उजेडात लाकडी अंडं फिरवत त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी परत आलं तेव्हा काय अवतार झाला होता याचा! नुसते ओरखडे. सगळा रंग खरवडून पुन्हा पहिल्यापासून हात द्यावा लागला. या वेळी चार ठिपके दिले की झालं."

"बरंच झालं की, आई. तुमचा त्रास वाचला," सूनबाई चपलेत पाय सरकवत म्हणाली. तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरट्यात अंडं पडल्याचा निरोप सकाळीच आला होता.

सूनबाई पक्ष्यांची डॉक्टर. गावाबाहेरच्या पाणथळीत, कुंपणाच्या आत, ती उंच पायांची राखाडी पाखरं राहायची. सगळ्या जगातली गोळा केली तरी एका अंगणात मावतील, इतकीच उरलेली. जोडी वर्षाला एकच अंडं घालणार. ते उचलून उबवणी यंत्रात ठेवायचं आणि त्या जागी लाकडी ठेवायचं, म्हणजे जोडी बसून राहते. पिल्लू आतून टोचा मारू लागलं की खरं अंडं पुन्हा घरट्यात. सासूबाईंनी उभा जन्म खेळण्यांच्या कारखान्यात लाकडी बदकांना डोळे काढले होते, त्यामुळे अंडं रंगवणं त्यांच्या डाव्या हातचा मळ होता. पण मनाला लागायचं. "काही म्हण, आईला फसवायचं जिवावर येतं बघ," असं दरवर्षी म्हणायच्या आणि दरवर्षी आणखी मन लावून रंगवायच्या.

हा सगळा खटाटोप धांदऱ्यापायी. धांदऱ्या म्हणजे जोडीतला नर. तो यंत्रात जन्मला, सूनबाईच्या हातून पहिला घास खाऊन वाढला. जवळजवळ तिचं पोरच. चालायला, मासे पकडायला शिकला, नाच करून बायकोही मिळवली, पण अंड्यावर बसायचं कसं, ते त्याला कुणी दाखवलंच नव्हतं. पहिल्या दोन वर्षी त्याची पाळी आली आणि त्याने सरळ अंड्यावर पाय दिला. त्याची मादी, जिला सगळे राणीसरकार म्हणायचे, फुटक्या कवचाशेजारी दिवसभर उभी होती. तिसऱ्या वर्षापासून लाकडी अंडं आलं.

त्या दिवशी सूनबाईने लोकरी पिशवीच्या एका कप्प्यात लाकडी अंडं ठेवलं. जोडीला संशय यायला नको म्हणून ते आधीच ऊबदार करून घेतलेलं. घरट्यापाशी खरं अंडं उचलून तिने दुसऱ्या कप्प्यात ठेवलं, तेवढ्यात धांदऱ्या पंख पसरून अंगावर धावून आला. तिचा पाय चिखलात घसरला, चोच पाठीत बसली. घाईघाईने तिने एक अंडं घरट्यात ठेवलं, काढता पाय घेतला आणि दुसरं नेऊन यंत्रात ठेवलं. यंत्र आपोआप अंडं फिरवतं, सुरुवातीला त्याला हात लावायचा नसतो. ती नुसती काचेबाहेर बसून राहायची. यंत्राची घूं घूं ऐकता ऐकता तिला वाटायचं, आतून कुणीतरी श्वास घेतंय.

आठवड्याने अंडं घेऊन ती अंधाऱ्या खोलीत गेली आणि ते दिव्यापुढे धरलं. एरवी कवच तांबूस उजळतं, आत केसासारख्या शिरा दिसतात आणि मधोमध हृदयाचा ठिपका उडत असतो. आज काहीच उजळलं नाही. सगळा काळोख. गेलं, असं म्हणून ती मटकन स्टुलावर बसली. डोळे भरून आले. अंडं तसंच हातात होतं, आणि नकळत त्यावरून अंगठा फिरवताना नखाखाली रंगाची खपली निघाली.

तिला आधी हसू आलं. सासूबाईंनी पाखरांना फसवायला रंगवलेल्या अंड्याने त्यांच्या सुनेलाच पुरतं बनवलं होतं. मग ती ताडकन उठली. म्हणजे खरं अंडं आठवडाभर धांदऱ्याच्या पायाखाली होतं.

ती धावत पाणथळीवर पोचली. गवताच्या आडोशाला राखणदार दुर्बीण घेऊन बसले होते. सगळं ऐकून ते उठलेच.

"मग काढायचं का, बाई? मी त्याला हुसकतो, तुम्ही उचला."

"मामा, फुटलं तर नाही ना?"

"छे! दोघंही बसतायत की रोज. कधी पाळी चुकवली नाही बघा."

हो म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तिला सासूबाईंची तक्रार आठवली. पहिल्या वर्षी नुसते ओरखडे, यंदा रंगवायला काही उरलेलंच नाही. दोन वर्षं धांदऱ्याने त्या लाकडावर पाय दिला होता, घसरला होता, पुन्हा चढला होता. लाकडाला काय होणार, म्हणून त्याच्या पायांकडे कुणी पाहिलंच नव्हतं. खात्यातल्या वरच्या साहेबांना फोन केला असता तर "ताबडतोब काढा" म्हणाले असते. म्हणून तिने फोन केला नाही.

समोर ऊन पाण्यावर हलत होतं. राणीसरकार घरट्यावर बसली होती, आणि बघता बघता सूनबाईला वाटलं, तिच्यामागे तिची आई बसली आहे, त्या आईमागे तिची आई, रांग मागे मागे जात धुक्यात शिरली आहे. दूर गेल्यावर त्या आयांचे पंख आखूड झालेत, चोचीत दात आलेत, अंगावर खवले चढलेत. आणि अगदी टोकाला कुणीतरी आहे, जे अंडं टाकून आपल्या वाटेने निघालं होतं, पण थबकलं, मागे वळलं आणि पहिल्यांदाच अंड्यापाशी बसलं. तेव्हापासून कुणी ना कुणी बसतच आलं होतं. रांग तुटली होती ती फक्त तिच्या खोलीत, त्या घूं घूं करणाऱ्या यंत्रापाशी.

"बाई, तो आला," मामा कुजबुजले.

धांदऱ्या लव्हाळ्यातून बाहेर आला. राणीसरकार उठून बाजूला झाली. अंडं उघडं पडलं. सूनबाईने मामांची बाही घट्ट धरली. धांदऱ्याने पाय उचलला, तो हवेतच ठेवला, बोटं मिटून मूठ केली आणि अंड्याच्या पलीकडे अलगद टेकवली. मग दुसरा पाय. मान वाकवून त्याने चोचीने अंडं जरासं फिरवलं आणि एखाद्या पोक्त बाईसारखा खाली बसला.

"नको काढायला," ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस तिने मोजून काढले. पाऊस कोसळला की जीव टांगणीला, मुंगूस दिसलं की जीव टांगणीला. रिकामं यंत्र बघवेना म्हणून तिने लाकडी अंडं आत ठेवलं आणि यंत्र चालू ठेवलं. तिची तिलाच लाज वाटत होती, तरी रोज आत डोकावायची.

एका सकाळी मामांचा फोन आला, पण बोलणंच येईना. नुसता हुंदका आणि हसू. ती गेली तेव्हा धांदऱ्याच्या पंखाखालून ओलं, पिंजारलेलं डोकं बाहेर डोकावत होतं.

परत येऊन तिने यंत्राचं बटण बंद केलं. इतक्या वर्षांची घूं घूं थांबली, आणि उघड्या खिडकीतून पाणथळीवरचे सगळे आवाज आत आले.

घरी सासूबाई ब्रश धुऊन फडक्यात गुंडाळत होत्या. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"चला, सुटले एकदाची," त्या म्हणाल्या, पण ब्रश काही हातातून सुटेनात. "आता फसवायला नको कुणाला."

सूनबाईने पिशवीतून अंडं काढून त्यांच्या ओंजळीत ठेवलं. ते अजून कोमट होतं.

"आई, कुंपणात आणखी चार तरणे नर आहेत. सगळे यंत्रातलेच. पुढच्या वर्षी चार लागतील. फसवायला नाही, शिकवायला."

सासूबाईंनी अंडं उजेडाकडे फिरवून पाहिलं. मग पदराने डोळे पुसून त्यांनी फडकं पुन्हा सोडलं.

"मग रंग जरा पक्का द्यायला हवा," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी फार ओरखडतात मेले."